जुने खेळ, नवे लेखनिक

भारताच्या कॉपीराइट कायद्यात ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत संगणकाचा प्रोग्रॅमही बसतो. कविता, कादंबरी आणि प्रोग्रॅम, तिघेही एका पंगतीला! आम्हां कला शाखेच्या मंडळींना याची थोडी गंमत वाटते आणि विषय तिथेच संपतो. मला मात्र वाटते की, पंगतीला बसवलेच आहे तर पुस्तकाला विचारतो ते प्रश्न या नव्या पाहुण्यालाही विचारावेत. जुनी कृती पुढच्या पिढीकडे पोचवायची कोणी आणि कोणत्या रूपात, हा त्यांतला पहिला.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ घ्या. जॉर्डन मेकनरने तो अ‍ॅपल-टू या संगणकासाठी लिहिला व १९८९ साली तो बाजारात आला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून मेकनरने त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून एकेक चित्र गिरवून राजपुत्राच्या हालचाली तयार केल्या. म्हणूनच तो राजपुत्र खऱ्या माणसासारखा तोल सावरतो. पुढच्याच वर्षी खेळ डॉसवर आला. पण त्याची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, पुढे खुद्द लेखकालाच सापडेना! २०१२ साली त्याच्या वडिलांना एका खोक्यात जुन्या फ्लॉपी मिळाल्या, तेव्हा कुठे ती हाती आली आणि मेकनरने ती सर्वांसाठी खुली केली.

अर्थात, हस्तलिखित सापडले म्हणजे खेळ सापडला असे नव्हे. ती संहिता अ‍ॅपल-टूच्या प्रोसेसरची भाषा बोलते. आजच्या यंत्राला ती उमगत नाही. इथे हौशी मंडळींचे काम सुरू होते. त्यांनी डॉसवरचा प्रोग्रॅम उलगडला, यंत्रभाषेतली ओळन् ओळ समजून घेतली आणि सारा खेळ सी भाषेत पुन्हा लिहिला. अशा स्थलांतराला ‘पोर्ट’ म्हणतात. या पोर्टचे नाव ‘एसडीएलपॉप’. त्यातली एक सोय मला फार आवडली. मूळ खेळातले दोष सुधारून खेळायचे की जसेच्या तसे ठेवून, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतही संपादकांनी निवडलेला पाठ वर छापला आणि बाकीचे पाठभेद पानाच्या तळाशी दिले. वाचकाला दोन्ही दिसले पाहिजेत, ही निष्ठा दोन्हीकडे सारखीच.

‘डूम’ची कथा निराळी. १९९३ साली निघालेल्या या खेळाची संहिता ‘आयडी सॉफ्टवेअर’ने १९९७च्या डिसेंबरात आपण होऊन दिली. आवाजाचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा, म्हणून तो वगळावा लागला. चित्रे आणि नकाशेही दिले नाहीत. ते खेळणाऱ्याने स्वतःच्या प्रतीतून आणायचे. मग पोर्टांचे पीकच आले. कोणी नवा प्रकाश दिला, कोणी नव्या सावल्या. ‘चॉकलेट डूम’ने मात्र उलटी वाट धरली. डॉसवरचा खेळ जिथे चुकत होता तिथे यानेही चुकायचे!

वरवर पाहता हा वेडेपणा वाटेल. परंतु कारण ऐकण्यासारखे आहे. डूममध्ये खेळलेल्या डावाची नोंद ठेवता येते. त्या नोंदीत चित्र नसते. खेळाडूने काय केले, एवढेच सेकंदाला ३५ वेळा टिपलेले असते. नोंद पुन्हा लावली की डाव त्यावरून नव्याने घडत जातो. आता मधला एखादा दोष कोणी सद्हेतूने दुरुस्त केला, तर राक्षस भलत्याच दिशेला वळतो आणि १९९४ साली जिंकलेली लढाई आज भिंतीवर डोके आपटत संपते. दोष सुधारणारा भला माणूसच. पण त्याने दुसऱ्याचा डाव पुसलेला असतो.

आमच्या चर्चेत एका सरांनी विचारले, “अहो, पण ही चोरी नाही का?” प्रश्न रास्त आहे. जो पोर्ट मूळ खेळ फुकट वाटतो त्याची वकिली मी करणार नाही. परंतु ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ आणि ‘व्हाइस सिटी’ यांची संहिता उलगडून नव्याने लिहिणाऱ्यांची अट होती की, मूळ खेळाच्या फायली तुमच्या तुम्ही आणा. तरीही टेक-टू या मालक कंपनीने २०२१च्या फेब्रुवारीत ते काम इंटरनेटवरून काढायला लावले आणि सप्टेंबरात अमेरिकेत फिर्याद केली. कायदा कंपनीच्या बाजूने असेलही. मला खटकते ते पुढचे. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिच्याच रॉकस्टारने या खेळांची नवी, झळाळती आवृत्ती काढली आणि तत्पूर्वी जुन्या आवृत्त्या विक्रीतून काढून घेतल्या. नव्या आवृत्तीत दोष इतके की, दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरेसुद्धा चुकलेली! घाईच्या लेखनिकाने पोथी बिघडवावी, तसाच हा प्रकार. ओरड झाल्यावर रॉकस्टारने माफी मागितली आणि पीसीसाठीच्या जुन्या आवृत्त्या आपल्या दुकानात परत आणल्या. फिर्याद मात्र त्या नोव्हेंबरातही चालूच होती.