अब्बांच्या रेकॉर्डी आणि अम्मीचा कप्पा

मे महिन्याच्या सुट्टीत यंदा आम्ही एकच काम हाती घेतले, अब्बांच्या रेकॉर्डी लावायचे. अब्बांच्या इंतकालाला तीन वर्षे झाली. ते जहाजावर होते. आमच्या कोकणात जहाजावरची माणसे घरी येताना अत्तर आणि ब्लँकेट आणायची. आमच्याकडे त्या ब्लँकेटच्या घडीत मेहदी हसन आणि साबरी ब्रदर्स असायचे.

मोजल्या तर 612 भरल्या. निम्म्या माळ्यावर एकावर एक आडव्या पडलेल्या. तीच पहिली चूक. रेकॉर्ड भाकरीसारखी रचायची नसते, पुस्तकासारखी सरळ उभी ठेवायची. कलती राहिली तरी वाकते, मग पिन वरखाली डोलते. शंभर एलपी म्हणजे साधारण पंचवीस किलो, तांदळाची एक गोणी. त्यामुळे सुताराने आधी फळ्यांना मधे टेकू दिले. पावसाळ्यातली बुरशी मलमलच्या मऊ फडक्याने, रेषांच्या दिशेने गोल पुसून काढली. एक मात्र जपावे. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असतात. त्यांना स्पिरिट लावले तर लाख विरघळते. शिवाय हातातून सुटली की काचेसारखी फुटते. आमच्या हातून दोन गेल्या.

खरा पेच पुढे होता. मास्तरकीची सवय, म्हणून आम्ही रजिस्टर घातले. पण क्रम अलिफ-बे चा की अ-आ-इ चा? कव्हरे निम्मी उर्दू, निम्मी इंग्रजी, काही मराठी. शेवटी गायकाच्या नावाने मराठी क्रम धरला, कारण पुढे हे सांभाळणारी मुले मराठी शाळेतली आहेत.

धाकट्या भावाचे म्हणणे वेगळे. तो बाजा ऐकत नाही. पण अब्बांच्या वस्तू टाकायला त्याचीही तयारी नव्हती. त्याची अट एकच, किरात आणि नात सर्वांत वर, त्यांच्यावर सिनेमाची गाणी नकोत. बोलणे रास्त होते. अडचण अशी की आमच्याकडच्या बहुतेक नात लाखेच्या तबकड्यांवर, आणि जड, फुटणारा माल खाली ठेवावा हा साधा हिशेब. दोन दिवस घरात धुसफूस झाली. मग त्यानेच त्या तबकड्यांपुरते बुटके, वेगळे कपाट केले, ज्याच्या माथ्यावर काही ठेवायचे नाही. अदबही राहिली, तबकड्याही जमिनीलगत राहिल्या.

कव्वाल्यांनी मात्र दमवले. इस्माईल आझाद सरळ सिनेमाच्या खणात गेले, ‘अल हिलाल’ 1958 चा, त्यात वाद नाही. पण एका बाजूला हम्द आणि उलट्या बाजूला आशिक-माशूकची चढाओढ, अशी रेकॉर्ड कुठे ठेवायची? अशा अकरा निघाल्या. त्या अजून आंब्याच्या पेटीत आहेत.

सगळे लावून झाले त्या संध्याकाळी अम्मी आली. फळ्यांवरून नजर फिरवत बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “छान दिसतंय. पण आता मला काही सापडायचं नाही.”

अम्मी कुरआन वाचते. मराठी अक्षर तिला येत नाही. अब्बा जहाजावर असताना या रेकॉर्डी तीच लावायची, तेही आम्ही विसरलो होतो. तिची ओळख जागेवर आणि कव्हरच्या रंगावर. “निळी, कोपरा उंदराने खाल्लेली,” ती म्हणाली. रजिस्टरात ती बेगम अख्तर होती. “तुझे अब्बा सहा महिन्यांनी आले, त्या रात्रीची” हीसुद्धा एक होती. आम्ही ती शोधून दिली, तेव्हा कव्हर तिने पदराने पुसले.

दुसऱ्या दिवशी तिला खुर्चीवर बसवले आणि एकेक कव्हर समोर धरले. ती सांगेल ते रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात लिहिले. उभ्या माणसाच्या हाताशी येणारा कप्पा रिकामा करून तिने निवडलेल्या चाळीस तिथे लावल्या, तिच्याच क्रमाने. तो क्रम आम्हाला अजून कळलेला नाही.

प्लेअरचा रबरी पट्टा मात्र सैल झाला आहे. मुंबईच्या चोरबाजारात मिळेल म्हणतात. अम्मी रोज विचारते, कधी जाणार?