मूलच्या स्टँडवरचा चहा

गडचिरोलीहून चंद्रपूरला जाणारी एस.टी. मूलच्या स्टँडवर लागली की निम्मी गाडी खाली उतरते. कंडक्टर "दहाच मिनिटं हं!" असे बजावतो आणि सगळ्यांत शेवटी स्वतःच परत येतो, हा आमचा नेहमीचा अनुभव. मग कढईभोवती गर्दी होते. कोणाला गरम भजे हवे, कोणाला आलूबोंडा, कोणाला चना-पोहा आणि त्यावर लालभडक तर्री. भूक नसलेला माणूसही दुसऱ्याची प्लेट पाहून खिशात हात घालतो. आम्हीही त्यांतलेच.

यंदा १५ व १६ ऑक्टोबरच्या सोहळ्यासाठी आम्ही निघालो तेव्हा सौ. होत्या आणि ऐंशीच्या घरातली आमची मोठी माय होती. २०२३ पासून बायांना एस.टी.त अर्धे तिकीट. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर काहीच नाही. पुरे तिकीट तेवढे आमचे! वाचलेल्या पैशांची पुस्तके घ्यायची, असे घरूनच ठरले होते.

प्रवासात खावे काय, हा आमच्या घरातला जुना वाद. सौ.चे म्हणणे, एकच तेल दिवसभर उकळते, त्यापेक्षा घरची भाकर आणि जवसाची चटणी बरी. म्हणणे खरे आहे. पण घरची भाकर पिशवीत असली की बाहेरचे भजे अधिकच खमंग लागतात, त्याला काय करावे? मूलला आम्ही दोघे हाटेलात शिरलो. मोठी माय बाहेरच थांबली.

"तुमी जा जी आत. मी इथंच बरी आहो."

चहा बाहेर नेऊन दिला. तिने उभ्यानेच घेतला. नंतर आपल्या बाटलीतले पाणी ओतून तिने ग्लास विसळला आणि कठड्यावर पालथा घातला. हाटेलातला पोरगा धावत आला. "आजी, धुवाची काय गरज?" ती हसून म्हणाली, "सवय हाय बाप्पा."

ही सवय कुठली, ते गाडी सुटल्यावर तिने सांगितले. ती लहान असताना तिच्या गावच्या वाटेवर एक चहाचे हाटेल होते. आपल्या लोकांचे कप मागच्या कुडाला खुंटीवर टांगलेले असत. आपणच काढायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, आपणच धुवायचा आणि परत टांगायचा. पैसे मात्र सगळ्यांइतकेच! १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली, तेव्हा ती बापासोबत बैलगाडीने आली होती, दहा-बारा वर्षांची. शिदोरी घरूनच बांधलेली. वाटेत कोणत्या हाटेलात बसायचे, हा प्रश्नच नव्हता.

दुकानात, हाटेलात कोणाला मज्जाव करता येणार नाही, असे संविधानाच्या कलम १५ मध्ये लिहिले आहे. कलम १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली. १९५५ मध्ये शिक्षेचा कायदाही झाला. पण मोठी मायच्या वाटेवरची खुंटी त्यानंतरही काही वर्षे होतीच.

चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पोचलो तो गर्दीच गर्दी. बांगड्या, खेळणी, फोटो, कॅलेंडरे, लॉकेटे यांची दुकाने लागलेली. ठिकठिकाणी भोजनदान चालू होते. स्वयंसेवक घाम पुसत वाढत होते आणि काही मंडळी मात्र अर्धी पत्रावळ तशीच टाकून दुसऱ्या मांडवाकडे वळत होती! हे आम्हाला आवडले नाही. लागेल तेवढेच घ्यावे, पोरांनाही तेच सांगावे.

पुस्तकांच्या दुकानांपाशी सौ.ने बांगड्यांसारखी घासाघीस सुरू केली, तेव्हा आम्ही त्यांना हळूच बाजूला घेतले. शासनाचे जाडजूड खंड उचलून पाहिले आणि खिशाकडे पाहून खाली ठेवले. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या त्यांच्या प्रवासाच्या आठवणी मात्र छोट्या पुस्तिकेत मिळाल्या. इंग्रजीतले हे लेखन शासनाच्या १९९३ साली निघालेल्या बाराव्या खंडात आहे.

परतीच्या गाडीत आम्ही ती पुस्तिका मोठी मायला वाचून दाखवू लागलो. तिला अक्षरओळख नाही. १९०१ सालची हकिकत. नऊ-दहा वर्षांचा भीमराव भावाबरोबर आणि बहिणीच्या मुलांबरोबर साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे निघाला. मसूर स्टेशनवर उतरले तर न्यायला कोणी नाही. जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तेही मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने पायी चालायचे या अटीवर. डबा भरलेला होता, पण पाणी नव्हते. गाडीवानाने दाखवलेले डबके चिखलाचे, जनावरांच्या घाणीचे. रात्री टोलनाक्यावर लेकरांनी पाणी मागितले, तेही मिळाले नाही.

एवढ्यात मूल आले. गाडी थांबली, लोक उतरले, भज्यांचा वास खिडकीतून आत आला. सौ.नी पर्स उघडली. आम्हीही उठणार तोच मोठी मायने बाही धरली.

"चहा राहू दे. पाणी भेटलं का मंग त्या लेकराइले?"

आम्ही परत बसलो आणि पुढचे वाचले. जवळ अन्न असून पाण्यावाचून ती मुले उपाशीच झोपली. सकाळी पुढे निघाली आणि दुपारच्या आत गोरेगावला पोचली. मोठी माय काही बोलली नाही. पदराने डोळे पुसून तिने पुस्तिका आमच्या हातून घेतली आणि आपल्या पिशवीत, भाकरीच्या फडक्यापासून लांब, तेल लागणार नाही अशी ठेवली. नातू सुटीत आला की पुन्हा वाचून घेईन म्हणाली.

मग आमच्याकडे वळली. "चला, आता घेऊ चहा. आत बसून घेऊ."

कंडक्टर अजून आलेला नव्हता.