किती पैशांचा प्रश्न आहे म्हणे!



आमच्या इंदापूरच्या मोठ्या जाऊबाईंनी या चातुर्मासात टीव्ही न बघण्याचा नियम घेतला. मोठे दीर पौषात गेले. टीव्ही लागायचा तो त्यांच्या बातम्यांसाठी आणि क्रिकेटसाठी. जाऊबाई म्हणाल्या, "आता नुसता आवाज हवा म्हणून कशाला लावायचा? त्यापेक्षा ती जोडणीच काढून टाक." नियम घ्यायला एक मिनिट लागलं. जोडणी काढायला मात्र अख्खा चातुर्मास पुरला नाही.

मी बारामतीची, त्यामुळे एसटीने जाऊन-येऊन आणि उरलेलं फोनवर. "मराठीसाठी तीन दाबा" म्हणून तीन दाबला की पलीकडे हिंदीच. पहिल्या फोनचं संभाषण सांगते.

"मॅडम, खातेधारकांशी बोलायला द्या."

"ते वारले."

"ओके मॅडम. मग त्यांना त्यांच्या नोंदणी केलेल्या नंबरवरून फोन करायला सांगा."

मी गप्पच झाले. जाऊबाई शेजारीच बसल्या होत्या. फोन स्पीकरवर होता.

नंतर मृत्यूचा दाखला मेलवर पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." जोडणी चालूच. पुन्हा फोन केला तर म्हणे, दोन महिने निम्म्या दरात देतो, लहान पॅक घ्या, मुलांचे चॅनल घ्या. घरात सत्तरीच्या जाऊबाई एकट्या! आणि दर महिन्याच्या सात तारखेला जोडखात्यातून ४०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ७२, असे ४७२ रुपये न चुकता कापले जात होते. पहिला फोन केल्यानंतरचे चार हप्ते म्हणजे १८८८ रुपये.

घरात सगळ्यांचं एकच म्हणणं. "जाऊ दे ना काकू, किती पैशांचा प्रश्न आहे?"

मी बी.कॉम. आहे. चाळीस वर्षं घरातली रोजकीर्द लिहिते आहे. म्हणून सांगते, प्रश्न ४७२ रुपयांचा नाहीच. त्या कंपनीच्या वहीत आपलं "जाऊ दे" हे उत्पन्नाचं खातं आहे. एक बाई जाऊ दे म्हणाली तर ४७२. लाख बायका म्हणाल्या तर महिन्याला पावणेपाच कोटींच्या घरात. एकही चॅनल न दाखवता! फोनवर तासभर ताटकळत ठेवणं हा गलथानपणा वाटतो, पण त्यातून पैसे मिळत असतील तर तो गलथानपणा कुणी कशाला दुरुस्त करील?

कुणी म्हणेल, कंपनीला खात्री करून घ्यावीच लागते. कुणीही उठून कुणाची जोडणी बंद करायला सांगितली तर? बरोबर आहे. पण दीर आजारी असताना त्यांच्या नावावर माझ्या मुलाने पुण्यातून पैसे भरले होते. तेव्हा नाही कुणी विचारलं, तू कोण आणि खातेधारक कुठे आहेत! पैसे घेताना कुणीही चालतो. थांबवतानाच ओळख लागते. खात्री करायची तर दोन्हीकडे सारखी करा.

अमेरिकेतली गोष्ट बघा. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये अॅमेझॉनवर दावा लावला. प्राइमचं सभासदत्व रद्द करायची वाट मुद्दाम किचकट ठेवली, असा आरोप होता. कंपनीच्या आत त्या वाटेला नाव होतं "इलियड". इलियड म्हणजे ग्रीकांचं ते न संपणाऱ्या युद्धाचं महाकाव्य! २०२५ मध्ये कंपनीने अडीच अब्ज डॉलर देऊन तो दावा मिटवला. म्हणजे तिथल्या लोकांनीही बराच काळ "जाऊ दे" म्हटलेलं होतं.

आता आपल्या धर्माच्या दृष्टीने बघू. तत्त्वार्थसूत्रात चोरी सांगताना कुलूप फोडण्याची गोष्ट नाही. न दिलेलं घेणं एवढंच सांगितलं आहे, अदत्तादान. जाऊबाईंनी स्पष्ट सांगितलं की यापुढे द्यायचं नाही. त्या दिवसानंतर घेतलेला प्रत्येक रुपया न दिलेलाच आहे. कमी-जास्त मापं ठेवणं आणि भेसळ हे अचौर्य व्रताचे अतिचार आहेत, हे आपण पाठशाळेत शिकलो. दार आत यायला मोठं आणि बाहेर जायला सुईच्या नेढ्याएवढं, हेही खोटं मापच नाही का?

आणि मैत्रिणींनो, हे बोलताना आपल्या घरातही बघू या. आपला समाज व्यापारी. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी कितीतरी दुकानांत अजून लटकते. सदोष माल परत न घेणं आणि मुदतीत पैसे न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरतात. आपली मुलं-सुना हिंजवडीत, बंगळुरूत याच कंपन्यांत बसतात. "रद्द करा"चं बटण कुठे लपवायचं हे त्यांच्यापैकीच कुणीतरी ठरवत असेल. जेवताना एकदा विचारा तरी.

फोनवरच्या मुलावर मात्र ओरडू नका. मी एकदा ओरडले आणि संध्याकाळी प्रतिक्रमणात तेच आठवत राहिलं. तो पगारी आहे, समोरचा कागद वाचतो. नाव, तारीख, वेळ, तक्रार क्रमांक शांतपणे लिहून घ्या. वहीतली ओळ आवाजापेक्षा उपयोगी पडते.

मला उशिरा सुचलं ते तुम्ही आधी करा. कंपनीला लेखी कळवा आणि त्याच दिवशी बँकेत जा. आम्ही इंदापूरच्या शाखेत अर्ज दिला, आपोआप पैसे कापायची संमती रद्द करा म्हणून. वीस मिनिटांत काम झालं. कार्डवरून ठराविक काळाने पैसे कापले जात असतील तर ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, निदान २४ तास आधी संदेश आला पाहिजे आणि संमती मागे घेता आली पाहिजे. ते संदेश वाचत जा. घरातलं माणूस गेलं की त्याचा फोन लगेच बंद करून कपाटात ठेवू नका.

सहज बाहेर पडू न देणाऱ्या अशा योजनांना सरकारनेही नाव दिलं आहे, सबस्क्रिप्शन ट्रॅप. ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसवणुकीचे असे १३ प्रकार दिले आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. आपल्या पुण्यातच १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा तर ग्राहक संरक्षणाचा कायदाही नव्हता. तो १९८६ला आला. कायदा नसताना लोक उभे राहिले, आणि आपण कायदा असून "जाऊ दे" म्हणायचं?

बँकेने पैसे थांबवले त्याच्या तिसऱ्या दिवशी कंपनीचा फोन आला. आपण होऊन, जाऊबाईंच्या नंबरवर, आणि चक्क मराठीत. हप्ता आला नाही, काही अडचण आहे का? मी शांतपणे सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी दाखला पोहोचलेला निघाला.

१८८८ रुपये अजून आलेले नाहीत. १९१५वर तक्रार नोंदवली आहे. खतावणीत "येणे" खाली रक्कम लिहून ठेवली आहे आणि ती मी खोडणार नाही. आले की कळवते.