तांब्याची बदनामी

द्वारकेत पोस्टिंगला आलो तेव्हा वाटलं होतं, इथे निदान केबलचं काम मागे लागणार नाही. पण सिग्नल्सचा माणूस म्हटला की सोसायटीतही सुटका नाही. शेजारच्या ब्लॉकमध्ये साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार साहेब राहतात, तोफखान्याचे. परवा कोटेशन घेऊनच दारात. "तू सिग्नल्सचा. तूच सांग, फायबर टाकू का?"

राऊटरपासून गाणं वाजवणाऱ्या डब्यापर्यंत अंतर आठ मीटर. त्यासाठी ऑप्टिकल केबल, दोन्ही टोकांना कन्व्हर्टर आणि 'खास' पॉवर सप्लाय. आकडा साहेबांच्या महिन्याच्या पेन्शनच्या वर. कारण काय, तर भीमसेनजींच्या तानपुऱ्यामागे साहेबांना 'सूं' असा आवाज येतो आणि दुकानदार म्हणाला, तांब्यातून गोंगाट चढतो.

मंडळी, हा धंदा माझ्या डोक्यात जातो. नेटवर्कच्या वायरीतून गाणं जात नाही, आकडे जातात. प्रत्येक पुडक्याला तपासणीचा शिक्का असतो. आकडा बिघडला तर पुडकं टाकून देतात आणि स्ट्रीमिंगमध्ये बहुतेक वेळा ते परत मागवतात. तोवर डब्यातला साठा वाजत राहतो. वायर खरंच खराब असेल तर गाणं अडखळेल, थांबेल. गोडवा कमी होणार नाही. सीडीच्या दर्जाच्या गाण्याला सेकंदाला १.४ मेगाबिट लागतात, साधी कॅट-६ वायर १००० नेते.

दुकानदाराचा एकच मुद्दा ऐकण्यासारखा आहे: काचेतून वीज जात नाही. खरं आहे. पण तांब्याच्या नेटवर्क पोर्टमध्येही बारीक ट्रान्सफॉर्मर बसवलेले असतात, दोन यंत्रांच्या सर्किटांचा त्या तारांतून थेट संबंध येतच नाही. धातूचं आवरण असलेल्या वायरीत अर्थिंगची भानगड होऊ शकते. मग बिनआवरणाची घ्या, स्वस्तही पडते. आणि कन्व्हर्टरचे दोन नवे अ‍ॅडॅप्टर भिंतीत खुपसल्यावर गोंगाट कमी कसा होणार, हे मला कुणी समजावून सांगावं!

फायबरशी माझं वैर नाही. दोन इमारतींमध्ये, वीज पडण्याच्या जागी, १०० मीटरच्या पुढे मी स्वतः फायबरच टाकीन. आठ मीटरला नाही.

रविवारी साहेबांकडे गेलो. त्यांना पाठमोरं बसवलं आणि 'वायर बदलतो' असं पाच वेळा म्हणालो. एकदाही बदलली नाही. तीनदा साहेब म्हणाले, "आता साफ आहे." मग नेटवर्कची वायर काढली, अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, पंखाही बंद. पालमकडे उतरणारं विमान डोक्यावरून गेलं आणि खोली शांत झाली.

"साहेब, आता?"

"आहे की. सूं... डाव्या बाजूला."

डावीकडचा स्पीकर तर मी केव्हाच सोडवून ठेवला होता.

"साहेब, बोफोर्सवर किती वर्षं होतात?"

"एकोणीस. नव्याण्णवला द्रासला होतो." मग जरा थांबून, "कानात कापूस घालायचो रे. कधी घालायचो, कधी राहून जायचं."

कोटेशनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी ईसीएचएसच्या कार्डाचा नंबर लिहून घेतला. गुरुवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचंय, गाडी मी काढणार आहे. वहिनी म्हणाल्या, टीव्हीचा आवाज इतका का लागतो ते आत्ता कळलं.