‘सेटल’ झाले म्हणजे कर्ज फिटले असे नाही

माझ्या एका मित्राची नोकरी गेली आणि वैयक्तिक कर्जाचे हप्ते थकले. थकबाकी साठ हजारांवर गेली. एके दिवशी वसुली एजंटचा फोन आला, ‘पस्तीस हजार एकरकमी भर, विषय संपला.’ अम्मीच्या बांगड्या गहाण ठेवून त्याने पैसे भरले. पत्र हातात पडले तेव्हा घरातल्या सगळ्यांना हायसे वाटले. चार वर्षांनी डिलिव्हरीच्या कामासाठी दुचाकीचे कर्ज मागायला गेला, तर नकार मिळाला. सिबिल अहवालात त्या जुन्या खात्यासमोर एकच शब्द होता: ‘सेटल्ड’.

त्याला वाटले होते की आपल्याला सूट मिळाली. अहवाल वाचणाऱ्या बँकेला मात्र त्या शब्दातून दिसते की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ लिहिले जाते. या दोन शब्दांत किती अंतर आहे, हे पैसे घेताना त्याला कोणी सांगितले नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

बँकेची बाजूही आहे. तिचे पंचवीस हजार बुडाले. पुढच्या सावकाराला ते कळायला नको का? जरूर कळावे. नोंद खरी असेल तर ती पुसा, असे मी म्हणत नाही. पण ज्या सहीने माणसाचे पुढचे दरवाजे बंद होणार आहेत, ती ‘विषय संपला’ असे सांगून घेणे ही फसवणूकच आहे.

‘नियमच तसा आहे, आमच्या हातात काही नाही’ हे उत्तरही मानू नका. मार्च 2020 मध्ये कोविडच्या काळात रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली आणि त्यामुळे कर्जदाराची पत-नोंद बिघडणार नाही, असेही स्पष्ट केले. म्हणजे ही नोंद माणसांनी केलेल्या नियमांवर चालते आणि मनात आणले तर अडचणीतल्या माणसाला सांभाळून घेता येते. जून 2023 च्या तडजोडीच्या नियमांत शेतीकर्ज सोडून इतर कर्जांसाठी, त्याच संस्थेने नवे कर्ज देण्याआधी किमान 12 महिने थांबावे असे म्हटले आहे. संस्थेला हवे तर ती जास्तही थांबू शकते. पण अहवालातला तो शब्द वर्षानुवर्षे राहतो आणि दुसऱ्या संस्थाही तो वाचतात. मोठ्या उद्योगाकडे वकील असतो, सल्लागार असतो. भिवंडीच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या पोराकडे फक्त एजंटचा शब्द असतो.

मागणी साधी आहे. ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्ज देताना, कर्जदाराला समजेल अशा भाषेत मुख्य अटींचे पत्रक देणे बंधनकारक आहे. कर्ज देताना मराठी चालते, तर तडजोड करताना का नाही? ‘तुमच्या नोंदीत अमुक शब्द लागेल’ हे एक वाक्य, सहीच्या आधी, लेखी. एवढेच.

तोवर आपणच शहाणे व्हायला हवे. हप्ता चुकणार असे दिसताच बँकेत जा. आपण उलटे करतो. अब्रूपायी घरात बोलत नाही, फोन उचलत नाही, आणि 90 दिवस उलटले की खाते बुडीत समजले जाते. आधी गेलात तर मुदत वाढवून हप्ता कमी करून मागता येतो. याला पुनर्रचना म्हणतात. त्याचीही नोंद होऊ शकते आणि मुदत वाढली की एकूण व्याजही जास्त जाते. पण मुद्दल पूर्ण फिटते आणि शेवटी खाते ‘क्लोज्ड’ होते. तडजोड हा अगदी शेवटचा उपाय ठेवा.

तडजोड करावीच लागली तर एजंटच्या हातात रोख देऊ नका. आधी बँकेचे पत्र घ्या आणि नोंद काय होणार ते लेखी विचारा. ‘सेटल्ड’ लागून गेले असेल, तरी राहिलेली रक्कम भरून, ना-हरकत पत्र घेऊन नोंद बदलून मागता येते. देशात चार पत-माहिती कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मागवा. चूक दिसली तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाईचा तुमचा हक्क आहे. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही.

माझ्या मित्राने आता उरलेले पंचवीस हजार भरायला सुरुवात केली आहे. बांगड्या अजून सुटलेल्या नाहीत. मोहल्ल्यात कोणाला ‘विषय संपला’ असा फोन आला, तर त्याला एकच प्रश्न विचारायला शिकवा: ‘माझ्या नावापुढे काय लिहिणार आहात?’