69, 11 की 1 टक्का? नंदुरबारच्या एकाच आकड्याची तीन रूपं

2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात 11.42 लाख आदिवासी नोंदले गेले. जिल्ह्याची लोकसंख्या 16.48 लाख, म्हणजे 69 टक्के. पण राज्यातल्या 1 कोटी 5 लाख आदिवासींपैकी नंदुरबारचे फक्त 11 टक्के. आणि राज्याच्या 11.24 कोटी लोकांशी तुलना केली तर जेमतेम 1 टक्का.

तिन्ही आकडे खरे. वरचा आकडा तोच, फक्त भागायचं कशाने ते बदललं. म्हणून टक्केवारी दिसली की आधी विचारा: कोणाच्या शंभरातले?

याचा फटका कुठे बसतो, ते नाशिकशी तुलना केली की दिसतं. नाशिकमध्ये आदिवासी 15.64 लाख, राज्यातल्या आदिवासींपैकी 15 टक्के. पण जिल्ह्यात त्यांचं प्रमाण 26 टक्केच. निधी आदिवासींच्या संख्येवर वाटला तर नाशिक पुढे, जिल्ह्यातल्या प्रमाणावर वाटला तर नंदुरबार. कोणता निकष लावायचा हे धोरण आहे, गणित नव्हे.

मोलगीच्या दवाखान्यात भिली समजणारी नर्स हवी का, या प्रश्नाला मात्र 11 टक्क्यांचा काहीच उपयोग नाही. तिथे 69 बघायचा. खरं तर तोही कमीच, कारण मोलगी ज्या अक्कलकुवा तालुक्यात आहे तिथलं प्रमाण जिल्ह्याच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे.