उपाशी माणसाला मनही असते

परवा एका व्याख्यानात एका अभ्यासू गृहस्थांनी ख्रिस्ती श्रद्धेचा निकाल पाच मिनिटांत लावून टाकला. विषय होता महाराष्ट्रातले दुष्काळ. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : दुष्काळात माणसाला हवी असते भाकरी. ती मिशनऱ्यांनी दिली आणि भाकरीबरोबर धर्मही वाढला. पोटात चार घास गेल्यावर जे बरे वाटले, त्यालाच पुढे ‘प्रभूमध्ये मिळालेली आशा’ असे नाव पडले. सगळा पोटाचा मामला, आशेचे नुसते वेष्टन. शिवाय श्रद्धेने माणूस हातपाय गाळून बसतो, प्रार्थनेने पाऊस पडत नाही आणि सगळा पैसा परदेशी होता, हेही त्यांनी जाता जाता सांगितले. टाळ्या पडल्या.

जाता जाता केलेल्या आक्षेपांना जाता जाताच उत्तर देतो. श्रद्धेने हातपाय गळतात असे ज्यांना वाटते, त्यांनी पंडिता रमाबाईंच्या केडगावातल्या मुक्ती मिशनच्या माळावर बागा लावणाऱ्या आणि छापखाना चालवणाऱ्या बायकांचा इतिहास वाचावा. प्रार्थना केली की पाऊस पडतो, असा दावा मी केलेला नाही. पैसा परदेशी होता हे खरे. पंडिता रमाबाई तो मागत अमेरिकाभर फिरल्या आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठी इथल्या किती थैल्या सुटल्या असत्या, ते वक्त्यांनीच सांगावे.

पण ‘भाकरीसाठी धर्म’ हा आरोप मला असा सोडता येत नाही. तो जुना आहे, हसतहसत केला जातो आणि त्यात उपाशी माणसाचा जो अपमान आहे तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

रमाबाईंचेच उदाहरण घेऊ, कारण त्यांचे नाव घेतल्याशिवाय या विषयावरचे कुठलेही व्याख्यान संपत नाही. त्यांनी दुष्काळ पाहिला तो आधी स्वतःच्या घरात. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराण सांगणारे विद्वान. म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली, गाठीचे सगळे संपले आणि १८७० च्या दशकातल्या दुष्काळाने दक्षिणेत हे कुटुंब गाठले. भीक मागायची नाही असे ठरवून सगळे रानात शिरले. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वडील गेले. मग आई गेली. आईला स्मशानात न्यायला माणसे मिळेनात. स्मशान तीन मैलांवर. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ आणि चौथ्या खांदेकरी स्वतः रमाबाई. त्यांची उंची कमी, खांद्यावर तिरडी पेलेना, म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. मागोमाग थोरली बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे देशभर पायी हिंडली. पंजाबात कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा झेलमच्या काठी खड्डे खणून त्यात निजली आणि गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली.

आता भाकरीचा हिशेब मांडू. त्या रानात त्यांना भाकरी द्यायला कुणी मिशनरी आला नव्हता. त्या ख्रिस्ती झाल्या त्या २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधल्या वाँटेज गावी. तेव्हा कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेल्या ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या त्यांच्या नावाला लागल्या होत्या, शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली होती, पुण्यात आर्य महिला समाज उभा राहिला होता. ‘स्त्रीधर्मनीति’ हे त्यांचे पुस्तक छापून झाले होते. पोटाचा प्रश्न त्यांनी आपल्या संस्कृतच्या बळावर सोडवला होता. १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती गेल्यावर कडेवरच्या मुलीला घेऊन उभे राहायचे होते, तेही त्यांनी ख्रिस्ती न होता करून दाखवले होते.

बरे, वाँटेजला रमाबाई ख्रिस्ती जोगिणींच्या आश्रयाला होत्या, त्यांचे अन्न खात होत्या, म्हणून मिंध्या झाल्या असतील, असे म्हणावे तर त्यांचा पत्रव्यवहार वाचावा. तो छापलेला आहे. ज्यांच्या घरी जेवत होत्या त्यांच्याशीच ही पंचविशीची विधवा ख्रिस्ताच्या देवत्वावर, त्रैक्यावर आणि चर्चच्या अधिकारावर वर्षानुवर्षे भांडते. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे विचारते. मांसमच्छी खाणार नाही म्हणते आणि त्यावरून झालेली बोलणी ऐकून घेते, पण बधत नाही. भाकरीसाठी धर्म घेणारे माणूस यजमानाशी असे वागते काय? पुढे स्वतःच्या साक्षीत त्या स्पष्ट लिहितात की बाप्तिस्मा झाला तरी ख्रिस्त आपल्याला पुष्कळ वर्षांनी भेटला. पोटाच्या मामल्यात इतका उशीर परवडत नाही.

आणि या श्रद्धेने त्यांना काय दिले म्हणावे? १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, ते दुसऱ्या वर्षी पुण्याला नेले. १८९३ मध्ये वादळ उठले. मुली बाईंच्या खोलीत प्रार्थनेला बसतात, एवढे त्याला निमित्त. दार उघडे होते, या म्हणून कुणाला बोलावले नव्हते आणि आलेलीला हाकलले नव्हते. त्यावर पुण्यातल्या पत्रकर्त्यांनी कॉलमच्या कॉलम लिहिले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्या मुलींना कुठे नेले आणि पुढे त्यांच्या शिक्षणाचे काय झाले, याची चौकशी त्या लिहिणाऱ्यांनी तितक्याच हिरिरीने केलेली माझ्या वाचनात नाही. हा वाद सव्वाशे वर्षे चालू आहे. त्यात बाईंनी फसवले की नाही यावर शाई आटली, पण केशवपन केलेल्या पोरींनी स्वतः डोळे मिटून हात का जोडले असतील, हा प्रश्न कुणाला पडला नाही. त्यांना मन असेल हे कुणी धरलेच नव्हते.

इथे व्याख्यात्यांच्या बाजूने एक उत्तर ठरलेले असते. रमाबाई अपवाद; कवी नारायण वामन टिळक अपवाद; त्यांचे धर्मांतर वैचारिक होते. गावकुसाबाहेरच्या महार-मांगांचे मात्र पोटासाठी. म्हणजे शास्त्र्याच्या मुलीने ख्रिस्त स्वीकारला तर तो विचार, कवीने स्वीकारला तर ती प्रतिभा आणि नगर जिल्ह्यातल्या येसकराने स्वीकारला तर ती भूक. सिद्धांत वैज्ञानिक म्हणून मांडला गेला, पण त्याची उतरंड गावातलीच आहे. दुष्काळात काही लोक धान्यासाठी आले असतील. आले असतील तर बिघडले काय? प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागितलेली आहे आणि ती क्षमेच्याही आधी मागितलेली आहे. ज्या धर्माच्या मुख्य विधीत भाकर मोडून वाटतात, त्या धर्माला भाकरीची लाज वाटावी अशी अपेक्षा का?

खरे तर हा आरोप वक्त्यांचा नाहीच. तो योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे आणि खुद्द येशूने केलेला आहे. पाच भाकरी आणि दोन मासळ्या पाच हजारांना वाटून झाल्या. दुसऱ्या दिवशी लोक शोधत आले, तेव्हा त्याने त्यांना तोंडावर सांगितले की तुम्ही भाकरी खाल्ल्या म्हणून मला शोधता. मग तो असे काही कठीण बोलला की त्याचे पुष्कळ शिष्यच त्याला सोडून गेले. शुभवर्तमानकाराने हे झाकले नाही. पण क्रम पाहावा. आधी त्याने लोकांना गवतावर बसवून जेवू घातले, जेवणाआधी कुणाची श्रद्धा तपासली नाही. आणि जे निघून गेले त्यांच्याकडून भाकरीचे पैसे मागितले नाहीत. काही जण मात्र मागे राहिले. वक्त्यांना त्यांच्याबद्दल बोलायचे नाही, कारण ते हिशेबात बसत नाहीत.

हिशेबात न बसणारे आणखी सांगतो. १९७२ चा दुष्काळ माझ्या आजोळी, नगर जिल्ह्यात, आजही वर्षाचे नाव घेऊन सांगतात. तेव्हा भाकरी चर्चकडे नव्हती, सरकारकडे होती. रेशनवर तांबडी मिलो, कामावर सुकडी, पाझर तलावाच्या मातीच्या पाट्या आणि खडीचे ढीग. आजी आठवडाभर खडी फोडायची. बोटांना चिंध्या बांधलेल्या असायच्या, कारण छिनलेले दगड बोटे कापत. रविवारी त्याच बोटांनी ती उपासनेला झांज वाजवायची. पहिल्या फळाच्या दानाला शेतात पीक नव्हते, तर वाटीभर मिलो पदरात बांधून न्यायची आणि वेदीपुढे ठेवायची. सरकारने दिलेली, अमेरिकेहून आलेली, जनावरेही नाक मुरडतील अशी मिलो. वक्त्यांचे गणित खरे असते तर त्या वर्षी देवळे ओस पडायला हवी होती आणि मंडळींनी मामलेदार कचेरीपुढे भजन करायला हवे होते.

वक्त्यांनी एक प्रश्न मात्र मध्येच सहज टाकला, तो मला त्यांच्या सगळ्या भाषणात वजनदार वाटला. अनंतशास्त्र्यांचीही श्रद्धा होती. व्रते, दाने, तीर्थे सगळे केले. मग त्यांच्या देवाने काय केले आणि तुमच्या देवाने वेगळे काय केले? ‘तुमचा देव खोटा, आमचा खरा’ असे उत्तर देणाऱ्या पत्रिका आमच्या लोकांनी ढिगाने छापल्या. त्या मला कधी आवडल्या नाहीत. दुसऱ्याच्या बापाच्या मृत्यूवर आपल्या धर्माची जाहिरात करू नये. रमाबाईंनीही वडिलांबद्दल प्रेमानेच लिहिले आणि पहिले इंग्रजी पुस्तक आईच्या स्मृतीला वाहिले. ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्यांची घरेही दुष्काळात रिकामी झाली. विश्वासाने धान्याच्या कणगी भरतात असे मी म्हणत नाही.

मग मी काय म्हणतो? १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तेव्हा चाळिशीला टेकलेल्या. त्यांना मदतीला जायची सक्ती नव्हती, सदन चालवायलाच पैसा अपुरा होता. त्या गेल्या. ज्या रानातून आपण जेमतेम जिवंत बाहेर पडलो त्याच प्रकारच्या रानाकडे उलट चालत गेल्या आणि हाडाच्या सापळ्यांसारख्या शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, शहरात त्यांना ठेवायला परवानगी नाही, म्हणून केडगावच्या जमिनीवर झोपड्या घातल्या. पुढे संवत छप्पनच्या दुष्काळात गुजरातेतून मुली आल्या आणि १९०० च्या सुमारास तिथे दोन हजारांच्या आसपास बायका-मुली झाल्या. विणकाम, शेती, छपाई. आंधळ्या मुलींना ब्रेल. स्वतः बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणायला घेतले.

मला ख्रिस्ती आशा म्हणून जे दाखवायचे आहे ते इथे आहे. क्रूसावर देवाचा पुत्र ‘तू मला का टाकलेस’ असे देवालाच विचारतो. ज्या श्रद्धेच्या मध्यभागी हा प्रश्न आहे, ती भुकेल्याला ‘तुझ्या कर्माने तू उपाशी’ असे सांगू शकत नाही. उपाशी मरणारी पोरगी टाकून दिलेली नाही, तिच्या जागी देव स्वतः जाऊन आलेला आहे, असे एकदा मनाने घेतले की तिच्याकडे पाठ करून बसता येत नाही. रमाबाईंनी ते घेतले. आजीने खडी फोडताना घेतले की नाही, हे ती शब्दांत सांगू शकली नसती. ती झांज वाजवायची.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती मुलगी, केडगावचे सगळे काम जिच्यावर सोपवायचे होते ती. रमाबाईंना आता खरोखर कुणी उरले नव्हते, प्रकृती खचली होती आणि भाषांतर संपायचे होते. त्या पुन्हा कामाला बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, तोवर ते काम हातावेगळे झाले होते आणि ते बायबल केडगावच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी छापले गेले. यात भाकरी कुणी कुणाला दिली, हे वक्त्यांनी मला दाखवून द्यावे.

पुढचे व्याख्यान देण्याआधी त्यांनी तीन गोष्टी कराव्यात अशी माझी कळकळीची विनंती आहे. रमाबाईंची पत्रे वाचावीत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत. नवऱ्याच्या धर्मांतराने मोडलेली आणि पाच वर्षांनी स्वतःच्या पायांनी त्याच वाटेला लागलेली बाई त्यात भेटेल. आणि पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसून केडगावला उतरावे. मुक्ती मिशन तिथे आजही चालू आहे.